बाईंचा कागद खाली आहे

माझ्यावर बोलायची वेळ यावी, हीच मुळात शरमेची गोष्ट आहे. बोलणं हे माझं काम नाही. माझं काम उभं राहायचं आणि स्वतःला वाचून घ्यायचं. पण गेली तेवीस वर्षं मी चौकात उभा आहे आणि मला धड वाचणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. तेव्हा आता बोलतो. मी या गावचा सूचनाफलक.

दोन लाकडी पाय, मधे हिरव्या कापडाने मढवलेली मऊ फळी आणि डोक्यावर उतरतं छप्पर, असा माझा थाट. मला बनवणारा सुतार बुटका होता. त्याने फळी स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर बसवली आणि ‘आता सगळ्यांना नीट दिसेल’ असं म्हणून हात झटकले. त्यामुळे उंच माणसांना माझ्यापुढे जरा वाकावं लागतं, आणि वाकणं लोकांच्या फार जिवावर येतं. सुताराला मात्र मी दोष देणार नाही. मला चौकात रोवून झाल्यावर तो आठवडाभर रोज येऊन बघायचा, काही लागलंय का म्हणून.

पहिला कागद लागला तो हरवलेल्या मांजराचा. मांजर माझ्याच छपरावर झोपलं होतं. चार माणसं खाली उभी राहिली, तो कागद वाचून हळहळली आणि निघून गेली. पुढे आपल्या नशिबात काय वाढून ठेवलंय, ते मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

वर्षातले दहा महिने मला कोणी विचारत नाही. कुणी माझ्या पायाला कुत्रं बांधतं, कुणी पाठीला सायकल टेकवतं. उन्हाळा आला, दिवस मोठे झाले, की मात्र गावाच्या अंगात येतं. फुलांचं प्रदर्शन, सायकलींची शर्यत, कुत्र्यांची स्पर्धा, तळ्यावरचं पोहणं, जुन्या पुस्तकांची विक्री. हे सगळं त्याच सात-आठ आठवड्यांत व्हायला हवं असतं, आणि त्याचे सगळे कागद माझ्याच छातीवर.

कागद लावणारा माणूस कागद वाचत नाही, हा माझा तेवीस वर्षांचा अनुभव आहे. तो येतो, मधली जागा हेरतो, तिथे आधी काय आहे ते न बघता आपला कागद चढवतो. टाचण्या घरी विसरलेला असतो, म्हणून शेजारच्या कागदाच्या उपटतो. मग चार पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून, आपलाच कागद कौतुकाने वाचतो. हल्ली त्याचा फोटोही काढतो. मग पुढचा येतो आणि तेच करतो.

याचा परिणाम असा की दर उन्हाळ्यात सगळ्यांना एकच दिवस सापडतो, सुट्टीतला दुसरा शनिवार. का, तर तो मोकळा आहे. माझ्यावर एकाखाली एक पाच कागद असतात, पाचही त्याच शनिवारचे, आणि सहावा मला टाचणी टोचता टोचता बायकोला सांगत असतो की बरं झालं, त्या दिवशी गावात दुसरं काही नाही. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते अशा वेळी मला कळतं.

याला अपवाद एकच, गाण्याच्या बाई. त्यांना वाकावंही लागत नाही, कारण त्या सुताराच्याच उंचीच्या आहेत. दररोज सकाळी दूध घेऊन परतताना त्या माझ्यापुढे थांबतात आणि डाव्या कोपऱ्यापासून सगळं वाचतात, अगदी कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रकसुद्धा. झाले-गेले कागद काढून टाकतात आणि मोकळ्या टाचण्या माझ्या खालच्या कडेला ओळीने लावून ठेवतात. त्या गेल्या की मला अंघोळ केल्यासारखं वाटतं.

बाई एकतीस वर्षं नगरभवनाच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी गाणं शिकवत होत्या. वर्गात आता आठच जण उरले होते. पोस्टमन, शिंपीणकाकू, निवृत्त बसड्रायव्हर, शिवाय एक सासू आणि तिची सून, ज्या घरात एकमेकींशी बोलत नाहीत पण वर्गात एकाच वहीतून गातात, आणि आणखी तिघं. नगरभवनाच्या कारकुनाने या वर्षी बाईंना स्पष्ट सांगितलं होतं की आठ माणसांसाठी खोली अडवता येणार नाही, तिथे खुर्च्या ठेवायच्या आहेत. मात्र त्यांनी एक कार्यक्रम करावा. तीस माणसं ऐकायला आली तर गावाला वर्ग हवा आहे असं तो वर कळवेल. नाही आली तर खोली सोडायची.

म्हणून उन्हाळ्याच्या अगदी सुरुवातीला, सगळ्यांच्या आधी, बाई कागद घेऊन आल्या. सोबत पोस्टमन होता. कागद त्यानेच निळ्या शाईने वळणदार अक्षरात लिहिला होता. गाण्याच्या वर्गाचा कार्यक्रम, दुसरा शनिवार, संध्याकाळी पाच, नगरभवनाची मागची खोली, या आणि ऐका. त्या शनिवारचा माझ्यावर तेव्हा एकही कागद नव्हता. बाईंनी दोनदा वाचून खात्री केली आणि मग चार कोपऱ्यांना चार टाचण्या लावल्या.

पोस्टमनचं समाधान होत नव्हतं. तो म्हणाला, ‘मी घरोघरी जातोच की. प्रत्येक दारात सांगतो ना.’

‘नको रे,’ बाई म्हणाल्या. ‘दारात गाठून सांगितलं की माणूस भिडेखातर येतो. फलकावर लावलंय ना आपण? ज्याला ऐकायचंय तो वाचून येईल.’

हे ऐकून माझी छाती फुगली. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पण माझं त्या दिवशी फुगलं. माझ्यावर एवढा भरवसा कोणी टाकला नव्हता.

त्यानंतर बाईंची बहीण आजारी पडली आणि त्या परगावी तिच्याकडे गेल्या. वर्गाची तालीम शिंपीणकाकूंवर सोपवली. माझ्यापुढे रोज थांबणारं एकमेव माणूस गेलं, आणि इथून सगळं बिघडलं.

माझ्यासमोर रस्त्यापलीकडे सलून आहे. सलूनवाले काका फुलांच्या प्रदर्शनाचे चिटणीस. त्यांच्या आरशात मी दिवसभर दिसतो, पण उलटा. म्हणून आपण हा फलक कधी वाचलेलाच नाही, असं ते गिऱ्हाइकांना हसत सांगतात. रस्ता ओलांडला तर सुलटं वाचता येतं, हे त्यांना अजून कोणी सुचवलेलं नाही. एका दुपारी ते हा एवढा मोठा छापील कागद घेऊन आले, दुसरा शनिवार, संध्याकाळी पाच. तोवर उन्हाने बाईंची निळी शाई फिकी पडली होती. काकांनी तिच्याकडे ओझरतं पाहिलं, ‘गेल्या वर्षीचा दिसतोय’ असं पुटपुटले आणि बाईंच्या चारपैकी तीन टाचण्या काढून स्वतःच्या कागदाला लावल्या.

दोन दिवसांनी सायकलच्या दुकानातली ताई आली. तिची शर्यत साडेपाचला. तिने काकांच्या कागदाच्या उजव्या अर्ध्यावर आपला कागद ठोकला. मग जनावरांचे डॉक्टर आले, त्यांची कुत्र्यांची स्पर्धा चारला. त्यांनी डावा अर्धा घेतला. बाईंचा कागद या सगळ्यांच्या खाली एका टाचणीवर तिरका लोंबत राहिला.

मला काय करता येत होतं? काही नाही. वारा आला की वरचे कागद उचलले जायचे आणि निळ्या शाईची एखादी ओळ क्षणभर दिसायची. नेमकं तेव्हा समोर कोणी नसायचं. पोस्टमन रोज सायकलवरून जायचा. तो लांबूनच माझ्याकडे नजर टाकायचा, फलक भरलेला दिसायचा, की घंटी वाजवून खुशीत पुढे. अरे बाबा, उतर. एक पाय टेक. तुझाच कागद आहे. पण छे. दिवसभर लोकांची पत्रं वाहणाऱ्या माणसाला स्वतःचा कागद कुठे गेला ते बघायला सवड नव्हती.

बाई शुक्रवारी शेवटच्या गाडीने परतल्या आणि शनिवारी सकाळपासून खोली झाडण्यात गुंतल्या. त्या दिवशी माझ्यापुढे आल्याच नाहीत.

शनिवारी पावणेपाचला एक नवरा-बायको माझ्याच खांबाला टेकून उभे होते. नवरा म्हणाला, ‘आज गावात काहीच नाही वाटतं.’ बायको म्हणाली, ‘असतं तर कळलं असतं.’ दोघंही माझ्याकडे पाठ करून उभे होते. थोड्या वेळाने घरी गेले.

साडेपाचनंतर नऊ सायकली माझ्यासमोरून गेल्या. त्यांच्यामागे स्पर्धेतून सुटलेली चार कुत्री गेली. त्यांच्यामागे डॉक्टर धावत गेले. फुलांच्या प्रदर्शनाला परीक्षक आणि त्यांचे नातेवाईक एवढेच होते, असं नंतर कळलं. सव्वासहाला बाई आल्या. खांद्याला गाण्याच्या वह्यांची पिशवी होती. त्या माझ्या अगदी जवळून गेल्या, आणि ज्या बाईंनी मला एक दिवसही न वाचता सोडलं नव्हतं, त्यांनी मान वर केली नाही. मी एवढ्या उन्हाळ्यांत तडकलो नाही, त्या संध्याकाळी तडकलो असतो तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी मात्र त्या आल्या. एकेक कागद उचलून बघितला आणि तिसऱ्याखाली त्यांना त्यांचा सापडला. त्या तो सोडवत होत्या तेवढ्यात सलूनवाले काका तावातावाने रस्ता ओलांडून आले. आपल्या प्रदर्शनाची गर्दी नेमकी कोणी पळवली, ते त्यांना बघायचं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला वाचायला आले, आणि तेही भांडण शोधायला.

बाईंच्या हातातला कागद पाहून ते जरा नरमले. म्हणाले, ‘अरे वा, तुमचा कार्यक्रम आहे होय? कधी? या वेळी नक्की येणार बघा.’

‘काल झाला,’ बाई म्हणाल्या.

काकांनी विचारलं, किती लोक आले होते. बाईंनी सांगितलं की गाणारे आठ, शिकवणारी एक आणि ऐकायला किल्ली सांभाळत बसलेला कारकून. तरी सगळी गाणी पूर्ण म्हटली, कारण एवढी बसवलेली गाणी टाकून कशी द्यायची. आणि खोलीत उद्यापासून खुर्च्या.

काकांनी बाईंच्या कागदाचे कोपरे पाहिले. तीन कोपऱ्यांना नुसतीच भोकं होती. मग त्यांनी स्वतःच्या कागदाकडे पाहिलं. माणसाला आपली चूक कळते तेव्हा त्याचे कान लाल होतात. काकांचे झाले.

‘बाई, हे माझ्यामुळे झालं,’ ते म्हणाले.

‘तुमच्या एकट्यामुळे नाही हो. कोणीच बघत नाही.’

दुकानात एक गिऱ्हाईक अर्धी दाढी करून वाट बघत होतं, त्याचंही काकांना भान नव्हतं. शेवटी ते म्हणाले, ‘मंगळवारी सहानंतर माझं दुकान रिकामं असतं. तिथे घ्या वर्ग. खुर्च्या तेवढ्या गरागरा फिरतात, सांभाळून बसावं लागेल.’

बाई पहिल्यांदाच हसल्या. काकांना हुरूप आला. ‘मी आत्ताच कागद लिहून आणतो. फलकावर लावू.’

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मला चाललं असतं.

‘नको,’ त्या म्हणाल्या. ‘इथे लावून उपयोग नाही.’

मग काकांनी दुसरा मार्ग धरला. गळ्याला फडकं बांधलेलं आणि मानेवर वस्तरा असलेलं माणूस कुठे जाणार? ते प्रत्येकाला सांगू लागले की मंगळवारी सहाला इथे गाणं आहे, यायचं. लोकही ऐकून घेत होते. तेच माझ्यापुढून वर्षानुवर्षं न थांबता जाणारे लोक.

पहिल्या मंगळवारी बारा-पंधरा जण आले. तिसऱ्या मंगळवारी सलूनचं दार उघडं ठेवावं लागलं आणि माणसं रस्ता ओलांडून माझ्या पायापर्यंत उभी राहिली. सासू आणि सून दोन फिरत्या खुर्च्यांवर बसून एकाच वहीतून गात होत्या. पोस्टमनने डोळे मिटले होते. कारकूनही आला, आणि बसायला जागा नव्हती म्हणून तासभर उभा राहिला. खुर्च्या सगळ्या त्याच्याच खोलीत कुलूपबंद होत्या.

बाईंचा आवाज मी इतकी वर्षं फक्त वाचताना पुटपुटलेला ऐकला होता. त्या संध्याकाळी तो पूर्ण ऐकला. मला फार आनंद झाला, हे मी मोकळेपणाने सांगतो. आणि तेवढाच अपमानही वाटला. चौकातला एवढा मोठा कार्यक्रम झाला आणि माझ्यावर त्याचा कागदाचा कपटासुद्धा नव्हता.

गाणं संपल्यावर मला टेकून उभ्या असलेल्या एका उंच माणसाने शेजाऱ्याला विचारलं की पुढच्या मंगळवारी आहे का. शेजारी म्हणाला, ‘फलकावर असेल, बघ.’ तो माणूस वळला. चक्क वाकला. डाव्या कोपऱ्यापासून कचऱ्याच्या गाडीपर्यंत त्याने मला सगळं वाचलं, वरचे कागद उचलून खालचेही बघितले. मग सरळ उभा राहून म्हणाला, ‘इथे तर काही नाही,’ आणि घरी गेला.

बाई, तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तुम्ही विश्वास टाकलात आणि मी तुमचा कागद सांभाळू शकलो नाही. पण तो माणूस शेवटपर्यंत वाचत होता. पुढच्या मंगळवारचा एक कागद लावा. लहान चालेल, पेन्सिलीने लिहिलेला चालेल. उद्या कोणीतरी येऊन त्याच्यावर आपला चढवेल, टाचण्याही नेईल, आणि मला काही करता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लावा.