मालनची तक्रार

महापालिकेच्या हॉस्पिटलात कामगार अधिकारी म्हणून उत्तराची उभी हयात गेली होती. एक भांडण मिटवावं, तर दुसरं दारात उभं.

त्या सकाळी बायकांच्या वॉर्डात मालन आयाला एका पेशंटच्या मुलाने थोबाडीत मारली. आईची चादर बदलायला उशीर झाला, एवढंच कारण. लगेच आया, वॉर्डबॉय, सफाईवाले काम सोडून पोर्चमध्ये बसले. युनियनचे गोपीनाथ म्हणाले, "मॅडम, पोलीस कंप्लेंट हॉस्पिटलनेच करायची. मालन एकटी चौकीत जाणार नाही."

अधीक्षकांचं वेगळंच. "तो प्रीतम नगरसेवकाचा भाचा आहे. माफी मागतोय. मालनला समजवा, तुमचं ऐकते ती."

ऐकायची, हे खरंच. उत्तराला त्याचाच शीण आला होता.

मालन आयांच्या खोलीत गालाला ओला रुमाल धरून बसलेली. टिटवाळ्याहून आणलेला डबा तसाच होता.

"समजवायला आलात ना, मॅडम?"

उत्तरा बाकावर टेकली. "पाठवलंय त्यासाठीच. पण आज अंगात त्राण नाही गं. तुला काय हवंय?"

"तक्रार. माझ्या बापाने पण कधी हात नाही उचलला." मग जरा थांबून, "त्या आजीची कूस कोणी बदलली का? पाठीला जखम आहे तिच्या."

कोणीच बदलली नव्हती. दोघी वॉर्डात गेल्या, तेव्हा प्रीतम आईला उचलू बघत होता आणि ती कण्हत होती.

"सरका," मालन म्हणाली. तिने म्हातारीला अलगद वळवलं, उत्तराने ओली चादर ओढून काढली.

"ताई, सॉरी. डोकं फिरलेलं माझं."

"आईकडे बघा. तक्रार मी देणारच आहे."

उत्तरा अधीक्षकांसमोर उभी राहिली. "मी नाही समजावलं, सर. तक्रारीवर सही करा. नाहीतर पोर्चमध्ये जाऊन तुम्हीच सांगा. मी जाणार नाही."

त्यांनी कागद पुढ्यात ओढला. मग चिडून सही केली. दुपारी पोलीस आले, माणसं कामावर गेली.

पुढच्याच आठवड्यात उत्तराची बदली पाणीपट्टी विभागात झाली. कारण कुणी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

निघताना मालन फाटकापर्यंत आली. "आता आमचं कोण ऐकणार?"

"ठाऊक नाही गं," उत्तरा म्हणाली आणि रिक्षात बसली. कोपरला घरी पोचून, चप्पल काढून, ती भर दुपारी झोपून गेली.