बारा करकज

"ट्रंक उघड," मुख्याध्यापक शेषेराव निवृत्तीच्या घराच्या दारातूनच म्हणाले.

"उघडतो की साहेब. पन काय हुडकून राहिलात, ते तरी सांगा."

"तुला ठाऊक हाय."

निवृत्तीला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शेषेरावांनाही नव्हतं. लातूरच्या त्या निवासी शाळेला स्पेनमधल्या एका क्लबने धनुर्विद्येचं जुनं सामान भेट दिलं होतं. सोबतची यादी स्पॅनिशमध्ये होती. तिच्यात एक ओळ होती : करकज, बारा नग. असलं नाव म्हणजे वस्तू भारीच असणार, ती कुठे दिसत नाही आणि सामानाच्या खोलीची किल्ली मैदानावरच्या शिपायाकडे, म्हणजे निवृत्तीकडे. मोबाईल सगळ्यांच्या खिशात होते, पण अर्थ शोधायचं कुणाला सुचलं नाही. चोर आधीच मिळाला होता ना.

गल्ली दाराशी जमली. निवृत्तीच्या बायकोची, चांगुणाची लुगडी, तिची औषधं, लेकीच्या लग्नाचे फोटो, सगळं ओट्यावर आलं. शेषेरावांनी रिकामी ट्रंक पायाने सरकवली. "उद्यापासून कामावर येऊ नको," म्हणाले आणि गेले.

तिसऱ्या दिवशी खेळाच्या शिक्षिका समीक्षा मॅडमनी यादी पाहिली आणि शब्द मोबाईलवर टाकला. करकज म्हणजे भाता, बाण ठेवायचा. बारा भाते बारा मुलींच्या कमरेला रोज लटकत होते. त्यांचे तुटके पट्टे निवृत्तीनेच शिवून दिले होते.

शेषेरावांनी त्याला बोलावून घेतलं.

"मग तवाच सांगायचं न्हाई का, भाते हायेत म्हणून?"

"तुमी चोर म्हनलात. काय चोरलं, ते कुठं म्हनलात?"

"बरं, झालं ते झालं. लाग कामाला."

"लागतो. पन एकदा गल्लीत येऊन सांगा साहेब. झडती समद्यांसमोर घेतली तुमी."

"मी येऊ? तुझ्या गल्लीत?" शेषेरावांनी फाईल उघडली आणि पुन्हा मान वर केली नाही. लाज नावाची गोष्ट त्यांच्या यादीत नसावी.

मग निवृत्तीनेच सांगायचं ठरवलं. मॅडमना विचारून त्याने एक भाता घेतला आणि संध्याकाळी गल्लीत आला. शेजारची रत्नम्मा दारात तांदूळ निवडत होती.

"हे बघ, रत्नम्मा. करकज म्हंत्यात ते हेच. बान ठिवायचा भाता."

तिने भाता खालीवर न्याहाळला.

"हाव का? म्हंजे निघालंच म्हनायचं तुझ्याकडं," ती म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

चांगुणा बाहेर आली. तिने निवृत्तीच्या हातातला भाता घेतला, पदराखाली झाकला आणि घरात नेला.