कोरमपुरती तिसरी

मला चालायची हौस नाही, हे आधीच सांगून टाकते. मी एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या इस्त्रीवर आहे. दिवसभर उभं राहायचं, ओल्या चादरी रोलरमध्ये सारायच्या आणि पलीकडून कडक होऊन आल्या की घड्या घालायच्या. संध्याकाळी घरी येते तेव्हा पाय माझे नसतातच. असल्या बाईनं पहाटे उठून चालण्याच्या शर्यतीचा सराव करायचा म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

पण मोठ्या जाऊबाईंपुढे कोण बोलणार? डॉक्टरांनी त्यांना साखरेसाठी थोडं चाला म्हणून सांगितलं होतं. आमच्या या वहिनींना थोडं काही करताच येत नाही. मोठे भाऊजी गेल्यावर घर त्यांना खायला उठायचं, म्हणून चालायला लागल्या त्या थांबल्याच नाहीत. चालण्याचीही शर्यत असते हे त्यांनीच शोधून काढलं.

"चालायची शर्यत?" आमचे हे म्हणाले. "मग झोपायची पण ठेवा. मी नाव देतो."

यात पळायचं नसतं. एक पाऊल कायम जमिनीला लागलेलं हवं, आणि पुढचा पाय टेकला की गुडघा ताठ. त्यामुळे कंबर अशी काही हलते की रस्त्यावरची माणसं हसतात. कोपऱ्यावरचा दूधवाला तर रोज विचारायचा, "काय वहिनी, इतकी घाईची लागली? घरी जागा नाही मिळाली का?" मी मान खाली घालायची. वहिनी त्याला म्हणायच्या, "तू दुधात पाणी घाल, आमच्याकडे बघू नको."

मला यात ओढलं ते डोकी भरायला. पन्नाशीपुढच्या बायकांच्या गटात निदान तिघींनी शर्यत पुरी केली तरच निकाल धरतात, नाहीतर गटच रद्द. एक वहिनी, दुसरी पोस्टात काउंटरवर बसणारी बाई, आणि तिसरी काही मिळेना. मग घरातलीच धरली. सोसायटीच्या मीटिंगला कोरमसाठी एखाद्याला झोपेतून उठवून आणतात ना, तशी मी. तीन वर्षं तिघींत तिसरी आले. आमचे हे सगळ्यांना सांगतात, बायकोचा नंबर आला म्हणून.

या वर्षीची गोष्ट वेगळी होती. गटात पहिली येणारी मोठ्या स्पर्धेला दुसऱ्या शहरात जाणार होती. आजवर पोस्टवाली पहिली आणि वहिनी दुसऱ्या, असंच चाललं होतं. सरावात मात्र वहिनी आता तिच्या पुढे असायच्या. पण त्यांचा उजवा गुडघा पार झिजला होता. पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर शर्यती बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"एकदाच कुठंतरी माझ्या स्वतःच्या नावानं जायचंय गं," बूट घालताना त्या एकदा म्हणाल्या. "आजवर गेले ती कुणाच्या लग्नाला, नाहीतर कुणाच्या दवाखान्यात."

मी माझ्या बुटाची नाडी बांधली. मनात म्हटलं, एकदा या जिंकल्या की मीही सुटले.

सरावात त्या माझ्या एक पाऊल मागे चालायच्या आणि अधूनमधून एकच शब्द बोलायच्या, "गुडघा." माझा वाकला की लगेच, "गुडघा." लाँड्रीत इस्त्रीपाशी उभी असतानासुद्धा मला ते ऐकू यायचं आणि मी पाय ताठ करायची. शेजारच्या बाईला वाटायचं मला पेटके येतायत.

शर्यत रविवारी सकाळी होती. शनिवारी हॉटेलात बाहेरगावचे दोन मोठे ग्रुप एकदम आले होते, त्यामुळे चादरींचा ढीग संपता संपत नव्हता. मैदानावर पोचले तेव्हाच मी दमलेली होते. साडेबारा फेऱ्या. कडेनं पंच उभे असतात. दोन्ही पावलं एकदम उचलली किंवा गुडघा वाकला की आधी पिवळी पाटी दाखवून ताकीद देतात. तरी सुधारला नाहीत तर तुमच्या नंबरापुढे फळ्यावर लाल खूण. तीन पंचांच्या तीन लाल खुणा झाल्या की बाहेर.

सहाव्या फेरीपर्यंत माझ्या दोन झाल्या.

माणूस दमला की आधी गुडघा वाकतो, त्याला मी काय करू? पण फळा बघून मी हिशेब केला. मी बाहेर गेले तर दोघीच उरणार, गट रद्द, आणि वहिनींच्या जिंकण्यावर पाणी. इतकी वर्षं केलेलं सगळं माझ्या एका गुडघ्यापायी मातीत. मी वेग पार उतरवला आणि काठोकाठ भरलेलं पातेलं नेल्यासारखी पाय टाकत राहिले. पुढच्या शर्यतीतली तरुण मंडळी कडेला ताटकळत उभी होती. त्यांतली एक मुलगी जांभई देताना मी बघितली. लाज वाटली, पण करते काय.

वहिनी मला मागे टाकून गेल्या तेव्हा श्वास न तोडता म्हणाल्या, "हळू चाल. थांबू मात्र नको."

त्या पोस्टवालीच्या चांगल्या अर्धी फेरी पुढे होत्या. शेवटची फेरी त्या सावकाश चालल्या असत्या तरी भागलं असतं. पण समोर रेघ दिसली आणि त्यांना राहवलं नाही, त्यांनी वेग वाढवला. मी मैदानाच्या पलीकडच्या बाजूला होते. तिथूनही तो उजवा गुडघा मला दिसला. वर्षभर जिन्यात बघितलेला गुडघा, ओळखणार नाही का? तो सरळ होत नव्हता.

मुख्य पंच लाल पाटी घेऊन त्यांच्यासमोर गेले.

मी फळ्याकडे बघितलं. वहिनींच्या नंबरापुढे तीन खुणा. पहिल्या दोन कधी लागल्या कोण जाणे. माझ्याच खुणांच्या धास्तीत मी त्यांच्या नंबराकडे एकदाही बघितलं नव्हतं. वहिनी कडेला झाल्या, छातीवरचा नंबर सोडवला आणि त्याची नीट घडी घातली. मला रडू फुटलं. रडत चालता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्या लंगडत गवतावरून माझ्याकडे आल्या. "बस कर आता. गट रद्द झाला. ये बाहेर."

माझ्या अजून तीन फेऱ्या होत्या. खाली बसायची परवानगी मिळाली होती, आणि सकाळपासून मला दुसरं काही नकोच होतं. पण मला राग आला. वहिनींचा की पंचांचा, ते ठरवायचीही ताकद नव्हती. आजवर मी दर वेळी पोचले ती कुणाची तरी संख्या भरायला. आज भरायला संख्याच नव्हती.

"नाही येत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. गवतावरून माझ्या बरोबरीनं लंगडत चालत राहिल्या. वळण आलं तशा म्हणाल्या, "गुडघा."

मी ताठ केला.

पोचले तेव्हा पंचांनी टेबल आवरलं होतं. कुणी टाळी वाजवली नाही. पोस्टवालीनं, बिचारी तिचीही शर्यत फुकटच गेली होती, पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "तुम्ही दोघी जावा शोभता खऱ्या." मी गवतावर आडवी झाले. वहिनी हळूहळू, एक पाय लांब करून माझ्या शेजारी बसल्या.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"फार," त्या म्हणाल्या. रुमालानं तोंड पुसल्यासारखं केलं आणि ते बराच वेळ तसंच झाकून ठेवलं. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नाव देशील?"

"मी? आणि तिसरी कुठून आणायची?"

"मी आहे की."

"डॉक्टरांनी शर्यती बंद केल्यात ना तुमच्या?"

"मी कुठं शर्यत करणारे?" वहिनी म्हणाल्या. "तिसरीला फक्त पोचायचं असतं. बघितलं ना मी आत्ता."

त्यांना उठवायला हात पुढे केला, तर मलाच उठता येईना.