तळ उघडी जाळी

हे मी कोणालाच सांगायचं नव्हतं. दोन माणसांनी मला तशी ताकीद दिली होती, दोघांनी वेगवेगळी, एकमेकांच्या नकळत. इतकी वर्षं मी गप्प राहिले. पण आज सकाळी मला खिळ्यावरून काढलं, झटकलं आणि पडवीत उन्हाला ठेवलं. लवकरच मला नेतील. त्याआधी सांगून टाकते.

मी एक जाळी. मासे धरायची नव्हे, बास्केटबॉलच्या रिंगला टांगायची. पण मला विणलं मासे धरणाऱ्या माणसाने. सगळं त्यातूनच घडलं.

दिल्लीत आशियाई खेळ झाले, त्याच्या पुढच्या वर्षी केरीच्या शाळेत शालिनीबाई आल्या. खेळाच्या बाई, माहेर डिचोलीचं. कॉलेजात त्या बास्केटबॉल खेळायच्या. इथल्या मुलींना लगोरी आणि लंगडी तेवढी ठाऊक. बाईंच्या भावाने खाणीचे ट्रक दुरुस्त करतात त्या गॅरेजात एक लोखंडी रिंग करून दिली. शाळेचा जुना फळा दोन माडाच्या खांबांवर चढवून त्याला ती ठोकली. पुसलेली बेरीज त्या फळ्यावर अजून अंधूक दिसायची.

जाळी तेवढी राहिली होती. बाईंनी वर्गात विचारलं, तेव्हा कधी न बोलणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "आमचे बाबा विणतात."

ती चंद्रावती. दहावीतली. तिचे बाबा भिकाजी रापणीवर, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, जायचे आणि गावात जाळी विणण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी मला नवी निळी दोरी घेतली. बांबूच्या सुईने एकेक गाठ ओढून घेताना ते जीभ दातांत धरायचे. चंद्रा शेजारी बसून दोरी सोडवून द्यायची. आणि शेवटी, जशी जाळी संपवायची असते तशी, त्यांनी माझा तळ आवळून बंद केला.

शाळेत येऊन त्यांनी मला स्वतः बांधलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी चेंडू टाकला. तो माझ्यात पडला आणि तिथेच बसला.

"ह्याचा तळ जरा..." बाई हळूच म्हणाल्या.

"काय झाला बाई? घट असा. माझ्या जाळ्यातसून मासो सुटाक नाय, चेंडू खय सुटतलो?"

"नाही, उघडा असता तर..."

"तळ उघडी ती जाळी कसली?" भिकाजी मनापासून हसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान बघून नव्या बाईंना पुढे बोलवेना. "छान झालीय," असं त्या म्हणाल्या. चंद्राही गप्प राहिली. बाबांची चूक चारचौघांत कशी सांगणार?

मग मुलींनी नियम केला. जिने चेंडू घातला, तिनेच काढायचा. खांबाला आंबे काढायची लांब काठी टेकवून ठेवली होती. चेंडू घालणाऱ्या मुलीने ती काठी घेऊन माझ्याखाली यायचं आणि ढोसून ढोसून चेंडू वर उडवून बाहेर काढायचा. तोवर खेळ थांबायचा. कुंपणावर बसलेले मुलगे ओरडायचे, "आंबेकारीण इली रे! गो, चार आमकाय उडय!"

बाकीच्या मुली उलट बोलायच्या, काठी उगारायच्या. चंद्राचे मात्र कान लाल व्हायचे. दोनदा तिने ते सोसलं. नंतर तिने चेंडू टाकणंच सोडलं. हातात चेंडू आला की ती दुसरीला द्यायची. नेमका द्यायची, पण द्यायचीच.

"चंद्रे, रिंग काय चावता तुका?" मैत्रिणी विचारायच्या. ती नुसती हसायची.

आता पहिलं गुपित. संध्याकाळचा शेवटचा चेंडू मुली माझ्यातच ठेवून जायच्या. शाळेच्या कपाटाचं कुलूप मोडलेलं होतं, माझ्यात तो जास्त सुरक्षित. पहाटे बाबांना किनाऱ्यावर चहा पोचवून परत येताना चंद्रा मैदानात वळायची. काठीने चेंडू काढायची आणि टाकायची. काढायची, टाकायची. कुंपणावर कोणी नसे. तिचा चेंडू रिंगला न लागता आत यायचा. मला फक्त एक हलका धक्का बसायचा. शेवटचा चेंडू माझ्यात ठेवून जाताना ती वर बघून म्हणायची, "कोणाक सांगू नको हां गो."

दहावीची परीक्षा झाली आणि डिचोलीच्या एका हायर सेकंडरीतून कृष्णनाथ सर आले. त्यांच्या मुलींच्या संघात एक जागा होती. निवडलेल्या मुलीला अकरावीत प्रवेश मिळणार होता, राहण्याची सोयसुद्धा. बाईंनीच त्यांना बोलावलं होतं, चंद्रासाठी. भिकाजींचा नकार मात्र आधीच ठरलेला होता. "डिचोलीक? आणि हय जाळी कोण शिवतलो?"

सामना सुरू झाला. चंद्राने चेंडू दिला, दिला आणि दिलाच. एकदा तर ती रिंगच्या अगदी खाली एकटी होती. तिने काठीकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं आणि चेंडू मागे फेकला.

"बाई, देणाऱ्या माझ्याकडे आहेत," सर म्हणाले. "मला घालणारी पाहिजे."

"उद्या एकदा बघा, सर."

सरांची बहीण हरमलला राहायची. ते रात्री तिच्याकडे थांबणार होते. "बरं, जाताना डोकावतो," ते म्हणाले.

कुंपणाबाहेर रिकामी पाटी घेऊन भिकाजी उभे होते. ते कधी आले होते कोण जाणे. त्यांनी काठी पाहिली, मुलग्यांची हाक ऐकली आणि लेकीचा चेहरा पाहिला.

दिवेलागणीला ते एकटेच परत आले. शाळेचं रिकामं पिंप माझ्याखाली आणून ते त्यावर चढले आणि त्यांनी माझा तळ हातात घेतला. कमरेची सुरी काढली, पण बराच वेळ ती नुसतीच धरली. "माझ्यामुळा पोर लाजता," ते म्हणाले. मग त्यांनी ती आवळलेली गाठ कापली. चेंडू धपकन खाली पडला.

त्यांनी तो उचलून टाकून पाहिला. दोनदा फळ्यावर आपटला. तिसऱ्यांदा माझ्यातून सरळ खाली आला. ते कितीतरी वेळ वर बघत राहिले.

"उंदरान कातरल्यान म्हणतले," ते मला म्हणाले. "तू कोणाक सांगू नको." पण जाळी विणणाऱ्या माणसाला सुटी टोकं बघवत नाहीत. परत पिंपावर चढून त्यांनी एकेक टोक बारीक गाठीने बांधून टाकलं.

पहाटे चंद्रा आली. चेंडू जमिनीवर बघून दचकली. तिथेच राहिलेल्या पिंपावर चढून तिने माझ्या कडेवरून बोट फिरवलं. त्या गाठी ती लहानपणापासून ओळखत होती. मग काठी उचलून शाळेच्या मागे ठेवून आली.

सकाळी सर डोकावले, तेव्हा कुंपणापाशी उभे भिकाजी सगळ्यांना सांगत होते, "उंदरान तळ कातरल्यान." खेळ सुरू झाला. चंद्राने पहिला चेंडू टाकला आणि तो माझ्यातून सुळकन खाली गेला. मुलग्यांनी ओरडायला तोंडं उघडली, तोवर खेळ पुढे गेला होता. तिने दुसरा टाकला. तिसरा मैदानाच्या पार कडेवरून. मला धक्कासुद्धा बसेना.

"काल ही कुठे होती?" सरांनी विचारलं.

"इथेच होती, सर."

सर कुंपणापाशी गेले. "तुम्हीच ना वडील? पाठवाल का तिला?"

चंद्रा चेंडू छातीशी धरून उभी राहिली. भिकाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग पायांकडे.

"थय जेवणात मासे मेळतत?"

"मिळतात की. सोमवार-गुरुवार सोडून."

"मगे धाडतंय."

जूनमध्ये ती गेली. पुढे शाळेला नवी जाळी आली आणि भिकाजींनी मला घरी आणलं. घरात माझा काहीच उपयोग नाही. कांदे ठेवले तर घरंगळतात, नारळ ठेवले तर पायावर पडतात. "ह्या कित्याक ठेवलास?" चंद्राची आई दरवर्षी विचारते. "असूं दे," ते दरवर्षी म्हणतात.

आता चंद्रा डिचोलीत मुलींना खेळ शिकवते. सुट्टीला आली आहे. वाड्यावरच्या पोरींसाठी तिने माडाला रिंग ठोकली आहे. मघाशी तिने मला मांडीवर घेतलं, माझी कड उलटून पाहिली आणि म्हणाली, "बाबा, उंदीर बरो शिवता हां."

भिकाजी समुद्राकडे बघत होते. त्यांची बोटं आता वाकत नाहीत. "शिकलेलो असतलो," ते म्हणाले.

मग दोघंही एवढे हसले की आई चुलीपासून उठून बाहेर आली. म्हणून मला वाटलं, आता सांगायला हरकत नाही. फक्त एक विनंती आहे. मी फाटले, विरले, तरी माझ्या कडेच्या त्या बारीक गाठी कोणी...

"बाबा, जाळी हाडा हां! पोरां वाट बघतत!"