सत्तेचाळीस नंबरचं सील

वीज कंपनीत माझं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे मला सत्तेचाळीस म्हणायचे. मीटर तपासून झाला की पेटी बंद करायची, तारेत शिशाची गोळी ओवायची आणि चिमट्याने दाबायची. गोळीवर चिमट्याचा नंबर उठतो. ते सील. माझ्या चिमट्याचा नंबर सत्तेचाळीस. एकतीस वर्षं तोच चिमटा वापरला. साहेब बदलले, मीटरमधली चाकं जाऊन पडदे आले, पण पेटीवर सत्तेचाळीस दिसला की तपासायला आलेला माणूस तसाच माघारी फिरायचा. "सत्तेचाळीसचं सील आहे, उघडून काय बघायचं?" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि खोटं कशाला बोलू, ऐकून छाती फुगायची. निवृत्त झालो तेव्हा कंपनी घड्याळ देत होती. मी म्हटलं, घड्याळ राहू द्या, चिमटा द्या. तो आता आमच्या बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात असतो.

त्याच घरात आमची सूनबाई राहते आणि ती नोकरी करते वीज आयोगात. तिथे ती नेमकं काय करते, हे मला शेजाऱ्यांना कधी धड सांगता यायचं नाही. विजेचा दर ठरवते, एवढंच म्हणायचो. ते म्हणायचे, मग वाढवते कशाला? मग मी चिडायचो आणि तो राग घरी आणायचो.

एकदा जेवताना मी तिला बोललोच. "इतकी वर्षं कंपनी घरोघरी वीज देतेय. तिच्या डोक्यावर तुम्ही कशाला हवेत?"

"बाबा, शहरात तारांचं जाळं एकच. दुसरा कुणी येऊन दुसरे खांब रोवणार नाही. गिऱ्हाईक रुसलं तरी जाणार कुठे? म्हणून कुणीतरी बघायला लागतं." मग पाणी पिऊन म्हणाली, "तुम्ही तरी मीटरला सील का लावायचात?"

"लोक हात घालतात म्हणून."

"कंपनीतही लोकच असतात की."

तशी ती तोंडाळ नाही. पण असं एखादंच वाक्य टाकते आणि समोरच्याचं जेवण गार होतं.

गेल्या वर्षी एक नवी कंपनी शहरात यायला निघाली. खांब आणि तारा जुन्याच, त्यांचं भाडं भरायचं आणि आपली वीज थोडी स्वस्तात विकायची, असा तिचा बेत. कायद्याने तशी मुभा आहे. जुन्या कंपनीने आयोगापुढे अर्ज टाकला, की येऊ दे खुशाल, पण आमच्या तारांमध्ये गळती फार आहे, ती भाड्यात धरा. गळती म्हणजे तारेत सोडलेली वीज आणि बिलात लागलेली वीज यांतला फरक. तो जेवढा मोठा तेवढं भाडं जास्त, आणि भाडं तेवढं झालं तर नवी कंपनी दारातूनच परत जाणार, हे माझ्यासारख्या मेकॅनिकलाही कळत होतं. हा अर्ज सूनबाईच्या टेबलावर होता.

फाइलीतलं घरी बोलायचं नाही हा तिचा नियम. पण त्याच महिन्यात एका सकाळी मी बाहेर आलो तर सूनबाई कपाटासमोर उभी राहून माझ्या चिमट्याकडे बघतेय.

"काय गं?"

"काच पुसत होते."

हातात फडकं नव्हतं.

सुनावणी सगळ्यांना खुली असते. पेपरात तशी सूचना आली आणि मी ठरवलं, आपली सून भर सभेत कशी बोलते ते एकदा बघायचंच. इस्त्रीचा शर्ट काढला. आमची ही म्हणाली, "जाताय ते जा, पण तिथे तोंड उघडू नका." मी म्हटलं, "मी कशाला उघडतोय?"

हॉल मोठा होता. समोर उंचावर लांब टेबल, मधल्या खुर्चीत अध्यक्षबाई, दोन्ही बाजूंना एकेक सदस्य. उजवीकडे कंपनीचा वकील आणि त्याच्यामागे फाइली सांभाळणारे अकरा जण, मी मोजले. डावीकडे सूनबाई, एकटी. मी मागच्या रांगेत एका बाईशेजारी बसलो. तिची तेलगिरणीच्या वस्तीत लाँड्री होती आणि हातात अर्जाची सुरळी.

सूनबाई उठली. पडद्यावर एक रेघ आली. तेलगिरणीच्या फीडरची, म्हणजे त्या वस्तीला वीज देणाऱ्या मुख्य लाइनची. शंभर युनिटं सोडली तर चौपन्न गायब; अर्जातली सगळ्यात मोठी गळती हीच. वकील लगेच म्हणाला, "चोरी. त्या वस्तीचा लौकिक सगळ्यांना माहीत आहे."

शेजारची बाई ताडकन उठली. "कसला लौकिक? या चोरीच्या नावाखाली आमचा ट्रान्सफॉर्मर जळला की आमचा नंबर शेवटी! पंधरा वर्षं आकडे टाकणारे म्हणून ऐकून घेतोय. माझं बिल बघा, एक महिना चुकलेला दाखवा!"

अध्यक्षबाईंनी तिला शांतपणे बसायला सांगितलं आणि सूनबाईला पुढे बोलू दिलं.

"गळती एका महिन्यात अचानक वाढली," सूनबाई म्हणाली. "आणि त्यानंतर दर महिन्याला तेवढीच. थंडीत तेवढीच, उन्हाळ्यात तेवढीच, गिरणी बंद होती तेव्हाही तेवढीच. चोर इतके शिस्तीचे नसतात. मला वाटतं दोष मोजण्यात आहे. फीडरच्या मीटरची पेटी उघडून बघावी, एवढीच माझी शिफारस आहे."

काय बोलली! आवाज चढला नाही की हात हलला नाही. मला उठून सगळ्यांना सांगावंसं वाटलं, ही आमची आहे.

वकील हसला. "पेटी कशी उघडायची? त्यावर सील आहे." त्याने पडद्यावर फोटो लावला. "सील नंबर सत्तेचाळीस. कंपनीतल्या कुणालाही विचारा. या माणसाचं काम एकतीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. एका कनिष्ठ अधिकाऱ्याच्या 'मला वाटतं'साठी आम्ही अशा माणसाच्या कामावर शंका घ्यायची?"

भर सभेत माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. पण माझी नजर फोटोवरच अडकली.

कारण फोटोत पेटीवर पिवळ्या रंगात लिहिलं होतं: ८०. अक्षर माझं. आणि तो दिवस मला लख्ख आठवला.

मोठ्या लाइनचा प्रवाह मीटरला झेपत नाही, म्हणून मध्ये कॉइल बसवून तो बारीक करतात आणि मीटरवरचा आकडा मग गुणून घेतात. दोनशेची कॉइल असली तर चाळीसने, चारशेची असली तर ऐंशीने. कितीने गुणायचं ते पेटीवर रंगवलेलं असतं. आता माझी एक पद्धत होती. बाकीचे आधी कॉइल बदलायचे, मग आकडा रंगवायचे, आणि ओल्या रंगात सीलची तार चिकटून बसायची. मी सकाळी आल्याआल्या नवा आकडा रंगवायचो आणि वाळेपर्यंत आतलं काम करायचो. माझी सीलं म्हणूनच स्वच्छ दिसायची. त्या दिवशी तेलगिरणीला चारशेची कॉइल बसणार होती. मी ऐंशी रंगवला. दुपारी स्टोअरमधून कॉइल आली ती तडकलेली. दुसरी आठवड्याने देतो म्हणाले. मी जुनी दोनशेचीच परत जोडली, पेटी लावली आणि सवयीने सील दाबलं. आठवड्यात माझी बदली झाली. पुढे जो कुणी नवी कॉइल बसवायला आला असेल त्याने पेटीवर ऐंशी पाहिला, खाली सत्तेचाळीस पाहिला, आणि तो माघारी फिरला.

म्हणजे वीज शंभर जात होती आणि कागदावर दोनशे चढत होती. माझ्या स्वच्छ सीलामुळे एक आख्खी वस्ती पंधरा वर्षं चोर ठरली होती.

मी गप्प बसलो असतो तर कुणालाही कळलं नसतं. सूनबाईची शिफारस फेटाळली गेली असती आणि माझं नाव तसंच उजळ राहिलं असतं. हे मनात आलं, नाही असं नाही. पण समोर ती एकटी उभी होती आणि वकील तिला माझ्याच नावाने गप्प करत होता. त्याचा मला असा काही संताप आला की मी उभा कधी राहिलो ते माझं मलाच कळलं नाही.

"बाई, मी ग्राहक आहे. मला बोलायचंय. तो सत्तेचाळीस मी. आणि पेटीवरचा आकडा चुकीचा आहे. चूक माझी."

मग सगळं सांगितलं. रंग, तडकलेली कॉइल, बदली. सूनबाईने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "या हॉलमध्ये तुमचं कुणी नातेवाईक आहे?"

"आहे. या अधिकारी माझ्या सूनबाई."

वकील उडालाच. "हे घरचं नाटक आहे! संबंध लपवून—"

"लपवलेला नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "अधिकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी लेखी कळवलं होतं, की या सीलचा मेकॅनिक त्यांचा सासरा आहे. मी तरीही काम त्यांच्याकडेच ठेवलं. तुमच्या फाइलीत तिसरं पान बघा."

अकरा माणसं तिसरं पान शोधू लागली.

म्हणजे तिला माहीत होतं. महिनाभर माझ्या पानात भाजी वाढताना, त्या कपाटासमोर उभी असताना, तिला माहीत होतं की आपण सासऱ्याचंच सील फोडायला सांगतोय.

वकिलाने शेवटचा टोला मारला. "तुमची एक चूक झाली म्हणता. मग तुमच्या बाकीच्या सीलांवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"

"ठेवू नका," मी म्हटलं. "उघडून बघा. ती मघापासून दुसरं काय सांगतेय?"

दोन दिवसांनी सकाळी तेलगिरणीच्या कोपऱ्यावर पेटी उघडली. आयोगाचा इंजिनिअर, कंपनीची माणसं, अर्धी वस्ती. सूनबाईने जमिनीवर खडूने रेघ मारून घेतली होती. मी पुढे सरकलो तशी म्हणाली, "बाबा, रेघेच्या मागे. तुमचा यात संबंध आहे." लोक हसले. मी निमूट मागे झालो. इंजिनिअरने तार कापली. माझी गोळी तिने पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं, त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मग इंजिनिअरने कॉइलवरची पट्टी पुसून मोठ्याने वाचली. "दोनशे."

सूनबाईने तिथेच पेटीच्या झाकणावर वही ठेवून हिशेब मांडला. गळती शंभराला आठ. शहरातल्या चांगल्यात चांगल्या फीडरएवढी.

लाँड्रीवाली बाई माझ्याकडे आली. मी हात जोडले.

"पंधरा वर्षं हो," ती म्हणाली.

"हो."

"माझा मुलगा मोठा झाला तेवढ्यात." मग पेटीकडे पाहून म्हणाली, "ती तुमची सून? तिला सांगा, कपडे माझ्याकडे टाकत जा."

निकाल लागला. भाडं कमी ठरलं, नवी कंपनी आली, आणि तेलगिरणीचा ट्रान्सफॉर्मर बदलायची तारीख आयोगाने कंपनीकडून लिहून घेतली. कंपनीतले दोन जुने दोस्त अजून माझ्याशी बोलत नाहीत. नाही बोलले तर नाही.

चिमटा कपाटातून काढून ठेवायचं माझ्या मनात होतं. सूनबाई म्हणाली, राहू द्या. तो तिथेच आहे. कुणी आलं की विचारतं, आणि मी पहिल्यापासून सगळं सांगतो. सून काय काम करते, असं विचारणाऱ्यालाही आता तेच सांगतो. माझ्या सीलला हात लावायची आख्ख्या कंपनीत एकतीस वर्षं कुणाची टाप नव्हती. तिने लावला.