गुलाबी गुडघ्याची पँट

मी पँट बोलतेय. मोटरसायकलवर घालायची, जाळीची, राखाडी रंगाची. हसू नका. पँटीला तोंड नसतं हे मलाही ठाऊक आहे. पण तोंड असलेली माणसं जे काही बोलतात ते ऐकून माझे कान किटलेत, म्हणून आता माझं ऐका.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका शिवणखान्यात झाला. जिनं मला शिवलं ती बाई दिवसभर कुरकुरायची. 'कापडाला एवढी भोकं, आणि वर गुडघ्याला, कमरेला टणक पॅड. ही थंडीची की उन्हाची?' अगं बाई, उन्हाची. वारा आत यावा म्हणून भोकं. आणि माणूस पडला तर सडकेनं आधी मला खावं, त्याला नाही, म्हणून पॅड. इतकं सोपं आहे. पण सोपं तेच माणसांच्या डोक्यात लवकर शिरत नाही.

तिथून मी वाळवंटातल्या टुसॉन शहरात एका दुकानात येऊन टांगले गेले. शेजारी कातडी पँटा. त्यांचा तोरा काय सांगू! गिऱ्हाईक यायचं, त्यांच्यावरून हात फिरवायचं, मग माझ्या जाळीत बोट खुपसायचं आणि म्हणायचं, 'ही फाटकी आहे का?' फाटकी तुझी अक्कल!

मग एका जूनमध्ये ओफेलिया आली. पुढे ती, आणि मागून तिचा नवरा युसेबिओ, दवाखान्यात ओढून आणलेल्या पोरासारखा.

भानगड अशी होती. जूनअखेर सान हुआन ह्या संताच्या सणाला ह्यांच्या वस्तीत त्याची मिरवणूक निघते. पूर्वी घोड्यांवरून निघायची. युसेबिओचा आजा, मग बाप, संताची लाकडी मूर्ती पुढ्यात घेऊन सगळ्यांत पुढे असायचे. घोडे गेले, मोटरसायकली आल्या, पण मान त्याच घरात राहिला. आदल्या वर्षी मात्र कोरड्या नदीच्या वाळूत युसेबिओची गाडी घसरली. अंगात पातळ सुती पँट. संताचा हात मोडला आणि ह्याचा गुडघा सोलून निघाला. वस्तीला हाताचं दुःख, ओफेलियाला गुडघ्याचं. हात दुसऱ्याच दिवशी चिकटवला. गुडघा मात्र नाताळपर्यंत कुरकुरत होता, आणि गुडघ्याचा मालक त्याहून जास्त.

म्हणून तिनं बजावलं होतं. धड पँट घातली तरच मूर्ती ह्याच्या गाडीवर. नाहीतर रामीरो नेईल. रामीरो म्हणजे तिचा भाऊ. तो ह्या मानावर केव्हाचा टपून बसलेला.

"म्हातारे, पारा एकशे दहा फॅरनहाइटला टेकलाय," युसेबिओ दुकानातच सुरू झाला. "असलं काही घालून मी शिजेन."

"शीज. सोललेल्यापेक्षा शिजलेला बरा."

मग ह्यानं उचलली काय, तर काळी कुळकुळीत कातडी पँट! उन्हात शिजायची भीती, आणि हात गेला नेमका तव्यावर. दुकानातली डार्लीन च्युइंगगम चघळत म्हणाली, "काळी शोभते तुम्हाला."

"त्याला काय शोभतं ते मी लग्नापासून बघतेय," ओफेलिया म्हणाली. "ठेव ती खाली, म्हाताऱ्या."

ओफेलिया मुलींचे समारंभाचे झगे शिवते. तिनं माझ्याकडे भोकं मोजायला पाहिलं नाही. मला पंख्यासमोर धरलं आणि पलीकडून हात लावून वारा येतो का ते बघितलं. मग माझी शिवण दोन्ही हातांनी अशी खेचली की मला वाटलं, उसवलेच आता. शिवण टिकली. पहिल्यांदा कुणी माझी परीक्षा घेतली, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

युसेबिओनं आधी माझ्या आखूड बहिणीला घातलं. आरशापुढे पोट आत ओढून उभा राहिला. "झकास बसली. चल घरी."

"उभा राहून गाडी चालवतोस का? बस."

तिथं मांडलेल्या मोटरसायकलवर तो बसला. बसल्याबरोबर गुडघ्याचं पॅड मांडीवर चढलं आणि नडग्या उघड्या पडल्या. डार्लीनला हसू आवरेना. मग त्यानं मला घातलं. उभ्यानं मी घोट्याशी गोळा झाले. "ही लांब आहे," तो ओरडला. "बस," ती म्हणाली. बसला, आणि माझं पॅड बरोबर गुडघ्यावर आलं. ओफेलियानं दारावर टकटक करावी तशी पॅडवर बोटं वाजवली.

"कोण आहे घरात?"

"मी आहे. पण मला काही लागलं नाही."

"मग हीच घ्यायची."

घरी आल्यावर ह्या माणसानं मला बदनाम करायचा चंग बांधला. मला घालून अंगणात भर उन्हात खांबासारखा उभा राहिला. घामानं निथळत बायकोला हाका मारायला लागला, "बघ! मेलो बघ!"

"एका जागी उभा राहिलास तर नागडासुद्धा मरशील," ओफेलिया म्हणाली, आणि बागेची नळी घेऊन तिनं त्याला कमरेपासून खाली चिंब भिजवलं. "आता गाडीवरून चक्कर मारून ये."

गेला. सुरुवातीला शिव्या देत गेला. पुढच्या वळणावर ओल्या जाळीतून वारा घुसला आणि शिव्या थांबल्या. त्याच्या पुढच्या वळणावर गाणं सुरू झालं. आवाज भिकार आहे त्याचा, पण मी तक्रार केली नाही. फाटकावर आल्यावर ओरडतो काय, "म्हातारे, थंडी वाजतेय! पुन्हा भिजव!"

तरी माणसाची खोड जाते का? सणाच्या सकाळी त्यानं गुपचूप माझ्या गुडघ्यांतली पॅड काढली आणि खोक्यात टाकली. म्हणे तेवढंच हलकं. वरून मी होते तशीच दिसत होते. चर्चसमोर सगळ्या गाड्या उभ्या. मूर्ती युसेबिओच्या गाडीच्या पेट्रोलटाकीवर उशीत बांधलेली. रामीरो हात पुसत जवळच घोटाळत होता. ओफेलिया आली आणि तिनं सहज गुडघ्यावर बोटं वाजवली.

"कोण आहे घरात?"

"आई गं!"

"घर रिकामं दिसतंय," ती शांतपणे म्हणाली. "रामीरो, इकडे ये रे. मूर्ती सोड."

युसेबिओचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "थांब, थांब! पाद्रीबाबा, दोन मिनिटं थांबा!" करत तो घराकडे पळाला. खोकं उपडं केलं, पॅड माझ्यात कोंबली आणि धापा टाकत परत आला. ओफेलियानं पुन्हा वाजवून बघितलं. ह्या वेळी आवाज टणक आला. रामीरो मुकाट्यानं आपल्या गाडीकडे गेला.

मिरवणूक निघाली. दोन्ही बाजूंनी बायका बादल्या भरभरून पाणी फेकत होत्या. त्या दिवशी भिजणं हाच प्रसाद. मी अशी गार झाले होते की जून आहे हे विसरले. मग आली ती कोरडी नदी. वाळू नीट पार झाली, पण ती संपते तिथं खडी होती. मागचं चाक सरकलं. युसेबिओनं एक हात मूर्तीवर ठेवला आणि सगळं वजन घेऊन तो उजव्या गुडघ्यावर, म्हणजे माझ्यावर, आदळला.

खडीनं मला खाल्लं. माझी जाळी फाटली, पॅडवर ओरखडे उठले. दुखलं का? दुखलं. पण मी त्याचसाठी शिवलेली आहे.

सगळे धावले. रामीरो म्हणाला, "दाजी, आता आणा ती मूर्ती इकडे." ओफेलिया खडीतच बसली. तिनं पँटीचा पाय वर सारला. रक्त नाही. नुसता लाल झालेला गुडघा. मग तिनं पाय खाली ओढला आणि पॅडवर बोटं वाजवली.

"कोण आहे घरात?"

"मीच गं," युसेबिओ म्हणाला. "आणि हे संतही आहेत. दोन्ही हात शाबूत."

"मग बसलास काय? ऊन चढतंय. चल पुढं."

त्या संध्याकाळी बर्फाचे गोळे खात सगळी वस्ती त्याला चिडवत होती, आणि तो प्रत्येकाला माझं भोक दाखवत फिरत होता.

ओफेलियानं मला ठिगळ लावलं. घरात मजबूत कापड एकच उरलं होतं, कुणाच्या तरी समारंभाच्या झग्याचं, गडद गुलाबी. वरून तिनं शिवण अशी घातली की तो शिवणखाना लाजेल. आता मी राखाडी पँट, एक गुडघा गुलाबी. मोटरसायकलवाले हसतात. हसू देत. युसेबिओ म्हणतो, "तुमच्या गुडघ्यावर कोण झगा शिवतंय का?"

आता मी त्यांच्या दाराशी खिळ्यावर असते. तुम्हाला काय सांगायचं? उन्हाळ्यात कपडे कमी करून थंडावा मिळत नाही बाबांनो, कातडी भाजते. माझ्यासारखी घ्या, भिजवा, घाला. आणि दुकानात बसून बघा, आरशापुढे मिरवू नका.

यंदा ओफेलियानं ठरवलं की मूर्ती मागं बसून तिनं धरायची, म्हणजे म्हाताऱ्याचे दोन्ही हात गाडीवर राहतील. मग दोघं पुन्हा त्याच दुकानात. मी युसेबिओच्या अंगावर होते, म्हणून सगळं बघितलं. ओफेलिया नवी पँट घालून आरशापुढे वळून वळून बघायला लागली. "छान बसलीय," म्हणाली.

युसेबिओनं मोटरसायकलकडे बोट केलं. "उभी राहून जाणार आहेस का, म्हातारे? बस."

ती बसली. तो हळूच वाकला आणि तिच्या गुडघ्यावर त्यानं बोटं वाजवली.

माझ्या शेजारचा खिळा आता रिकामा नाही.