मौनाची मुदत

अश्विनला जाऊन वर्ष झालं. दारूगोळ्याच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला चालत गेला, स्फोटानंतर आला तो गाठोड्यात बांधून. बायकोलासुद्धा तोंड पाहू दिलं नाही. आज त्याचं पुण्यानुमोदन. जरीपटका वस्तीतल्या घरापुढे मांडव, मांडवात बुद्धमूर्ती, मूर्तीपाशी अश्विनचा हसरा फोटो.

त्याची थोरली बहीण नंदिनी जिनिव्हाहून आली होती. देशाच्या शिष्टमंडळात तिचं काम शस्त्रबंदीच्या वाटाघाटींचं. शेताशेतांत विखुरणारे छोटे बॉम्ब बंद व्हावेत म्हणून देशोदेशींचे लोक वर्षानुवर्षं घासाघीस करत होते. भाऊ गेल्यावर तिनं मसुद्यात, पीडितांच्या कलमात, दोन शब्द घातले: ‘बनवताना दगावलेले’. भावजयीला, शामलाला, फोनवर सांगितलंही.

अखेरच्या मसुद्यात ते शब्द नव्हते. ते गाळले तरच सही, असं मोठे कारखाने असलेले देश म्हणाले होते. तिथली रीत अशी, की मसुदा सगळ्या देशांत फिरवायचा आणि मुदत द्यायची. तोवर सगळे गप्प राहिले, तर मंजूर. एकानं जरी मौन मोडलं, तर सगळंच मोडलं. मुदत आज दुपारची. राजदूत अंग काढून घेत म्हणाले होते, “शब्द तुमचे, तुम्हीच ठरवा.”

खीर ढवळत शामला म्हणाली, “ताई, ह्यायचं येते ना त्या करारात? साहेब लोक म्हणतेत, चूक ह्यायचीच होती. जगानं तरी म्हणावं, मानूस मेला म्हणून.”

“बघते गं.”

“बघता काय? तुमी बोलल्या तर कोन रोकते तुमाले?”

बाहेरून चंपतरावकाका ओरडले, “अवं नंदे, भंतेजी आले! ठेव तो फोन. तुह्याशिवाय काय लढाई अडून राहिली काय तिकडं?”

नंदिनी मांडवात बसली, फोन पदराखाली. तिला वाटाघाटींच्या सभागृहात साक्ष द्यायला आलेली एक पोर आठवली. शेतात चकाकतं काही उचलायला वाकलेली, आता कुबडीवर. आज मौन मोडलं तर अशी किती पोरं वाकतील! आणि अश्विन? त्याच्यासाठी तर कुबडीही लागली नाही.

भंतेजींची गाथा संपली. “साधु, साधु, साधु,” मांडव एका आवाजात म्हणाला. नंदिनीचे ओठ मिटलेलेच. पदराखाली फोन थरथरला. मौन टिकलं, मसुदा मंजूर, अभिनंदन.

पंगत बसली. शामला वाढता वाढता थांबली. “झालं?”

“मंजूर झालं.”

“आन् ते शब्द?”

‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. नंदिनी नुसती बघत राहिली. शामलानं त्या गप्पपणाचा आपल्याला हवा तो अर्थ घेतला. डोळे भरून तिनं हाक मारली, “अवं प्रेमिलाबाई, इकडं या वं! आपल्या मानसायचं जगानं मान्य केलं!”

त्याच स्फोटात ज्यांची माणसं गेली त्या बाया, पांढऱ्या लुगड्यांतल्या, पानावरून उठून आल्या. प्रेमिलाबाईंनी उष्टा हात पदराला पुसला आणि नंदिनीचा हात धरला.

“एक डाव तुह्या तोंडानं सांग वं, पोरी. काय लिवलं त्यात माह्या गिरिधरचं?”

बाया ऐकायला गप्प झाल्या.